लोणी चोरणारी फुलपाखरं

भाद्रपद सरत आला की अक्कलकोट रोडला लागून असलेल्या मोकळ्या प्लॉटांमध्ये तरवड फुलायला लागतो. कुंभारीकडे जाताना दोन्ही अंगांना नुसता पिवळा रंग दिसतो, आणि त्या पिवळ्यातूनच मधूनमधून काहीतरी सुटून उडतं. फुलपाखरं. सकाळी मी स्कूटरवरून शाळेला निघते तेव्हा एमआयडीसीत टॉवेलच्या मागांवर जाणारे कामगार सायकली हाणत असतात आणि ही पाखरं त्यांच्या डोक्यांवरून, हँडलांवरून रस्ता ओलांडत असतात. आमच्या शाळेतल्या एक बाई रोज गाडी थांबवून त्यांचे फोटो काढतात आणि ग्रुपवर टाकतात. मला हे दिवस आवडत नाहीत. खरं सांगायचं तर मला या दिवसांची भीती वाटते. पन्नाशी उलटलेल्या, नुसतं डोळे वर करून वर्ग गप्प करणाऱ्या बाईला फुलपाखरांची भीती वाटते, हे कुणाला सांगायची सोय नाही. म्हणून मी हेल्मेटची काच खाली ओढते आणि पुढे जाते.

याच दिवसांत सहामाही परीक्षा येते. मी इंग्रजी शिकवते. यंदा आठवीच्या उजळणीत दोन शब्द जोडून तयार झालेले शब्द घेत होते. रेनकोट झाला, स्कूलबॅग झाली, मग फळ्यावर बटरफ्लाय लिहिलं. पुढच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली.

“मॅडम, रेनकोट पावसासाठी, स्कूलबॅग शाळेसाठी. मग ह्यात लोण्याचं काय?”

दर दोन-चार वर्षांनी कुणीतरी हा प्रश्न विचारतंच. माझं उत्तरही ठरलेलं आहे. “परीक्षेत येणार नाही. बस खाली.” ती बसली. पण बसताना तिनं माझ्याकडे असं पाहिलं की, या बाईंना माहीत आहे आणि त्या सांगत नाहीयेत, हे तिला कळलं असावं. हुशार पोरींची हीच पंचाईत असते. मीही एके काळी हुशार पोर होते.

मला ते बाराव्या वर्षापासून माहीत आहे. आमचं गाव सोलापूरच्या नैर्ऋत्येला, कोरडवाहू मुलखात. थोडी शेती, दहा-बारा शेळ्या, एक म्हैस. वडिलांचे धाकटे भाऊ, आमचे काका, सोलापुरात चादरीच्या मागावर कामाला होते आणि शनिवारी गावी यायचे. एका शनिवारी त्यांनी नवी पेठेच्या मागच्या रद्दीवाल्याकडून माझ्यासाठी एक इंग्रजी-मराठी कोश आणला. पुठ्ठा गेलेला, पहिली पानं नाहीत. तो कुणी रचला, कधी छापला, काही कळायला मार्ग नव्हता. ए हे अक्षर जवळजवळ सगळंच गळून गेलेलं, त्यामुळे आमच्या घरी इंग्रजी बीपासून सुरू व्हायची. घरात मी एकटीच इंग्रजी शिकणारी. आई-वडील दोघंही त्या कोशाला हात लावायच्या आधी हात पुसायचे.

बीमध्ये बटर होतं, आणि बटरखाली जवळजवळ पानभर मजकूर. शब्दांखाली बारीक अक्षरांत मराठी टिपणं. किती चमत्कारिक शब्द होते ते! बटर-टीथ म्हणजे पुढचे रुंद दात. बटर-प्रिंट म्हणजे लोण्याच्या गोळ्यावर नक्षी उठवायचा लाकडी ठसा, आणि जुन्या बोलीत लहान मूलसुद्धा. बटर-बंप नावाचा एक पाणथळीतला पक्षी, जो म्हणे बैलासारखा हंबरतो. बटरी नावाची एक खोली, जिच्यात लोणी सोडून दारूची पिंपं ठेवत. मला वाटायचं, हे इंग्रज लोक लोण्याशिवाय दुसरं काही खातच नसणार. पुढे शिकले, नोकरीला लागले, चांगले अखंड कोश पाहिले, तेव्हा कळलं की यातले बहुतेक शब्द तिकडेही कधीचे मेले आहेत. माझ्या शाळेच्या ग्रंथालयातल्या कोशात त्यांतला एकच धडधाकट आहे, बटरफ्लाय.

हे शब्द मी वाचून दाखवायची ते धाकट्या काकीला. काकांचं लग्न होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. काकी अक्कलकोटच्या पलीकडची, कर्नाटकाच्या शिवेवरची. एकोणीस वर्षांची असेल. माहेरी कानडी, तोंडात अडखळतं मराठी, आणि तेही बोलायला आमच्या घरात कुणी नाही, कारण काका आठवडाभर सोलापुरात आणि माझी आई मोजकं बोलणारी. मग दुपारी मी शाळेतून आले की काकी चुलीपुढं बसायची आणि म्हणायची, “वाच की ते तुजं गंमतीचं पुस्तक.” बटर-टीथ तिला फार आवडला. तिचे पुढचे दात तसेच होते. पदर तोंडावर घेऊन ती इतकी हसली की आई बाहेरून डोकावली. फुलपाखराला तुमच्यात काय म्हणतात असं मी विचारलं तर ती म्हणाली, “पातरगित्ती.” आणि लोण्याला? “बेण्णी.” मी वहीच्या मागच्या पानावर एका ओळीत लिहिलं: फुलपाखरू, बटरफ्लाय, पातरगित्ती. ती अक्षरं बघून काकी म्हणाली की तिचा शब्द सगळ्यांत चांगला दिसतो. मला पटलं होतं.

आमच्या घरी ताक घुसळायचं म्हणजे एक कार्यच असायचं. आई पहाटे डेरा मांडायची. डेऱ्याच्या गळ्यात बिब्बा बांधलेला. घुसळताना बोलायचं नाही, दारात कुणाला उभं राहू द्यायचं नाही, आणि रवी हातात घेतली की लोण्याचा गोळा येईपर्यंत उठायचं नाही. घुसळण झाली की डेरा धुवायचं काम काकीकडे. ती ते धुवण परसात तरवडाच्या बुडाशी ओतायची. ऊन चढलं की त्या ओल्या जागेवर पिवळी फुलपाखरं उतरायची. पाच-पंचवीस नाहीत, जमीन दिसणार नाही इतकी. काकी त्यांच्यात उकिडवी बसून राहायची. तिच्या ओल्या मनगटांवर, कोपरांवर पाखरं बसायची आणि काकी हलायची नाही. मी हे पाहिलं आहे. आजही डोळे मिटले की पहिल्यांदा तेच दिसतं, तो हिरवा चुडा आणि त्याच्यावर मिटणारे-उघडणारे पिवळे पंख. आईनंही ते पाहिलं होतं.

त्या आश्विनात लोणी यायचं थांबलं. आई पहाटेपासून घुसळायची, खांदे भरून यायचे, पण वर नुसता फेस. कधी वाटीभर कण निघायचे, कधी तेही नाही. गार पाणी ओतून झालं, डेरा उन्हात तापवून झाला, नवा बिब्बा झाला, मिरच्या ओवाळून झाल्या. आई रडकुंडीला आली होती. तूप विकून माझ्या शाळेचं, सणाचं भागायचं, हे मला ठाऊक होतं. पण आईला त्याहून जास्त एक गोष्ट लागली होती. तिच्या हाताला लोणी येतं ही तिची गावातली ओळख होती. बाया तिच्याकडून विरजण न्यायच्या.

आणि मग एका दुपारी आई डेऱ्यापुढं तशीच बसलेली असताना मी कोश घेऊन बसले. मला आईची समजूत घालायची होती का? नाही. तिनं माझ्याकडे बघावं एवढंच मला हवं होतं. काकी घागर घेऊन आत येत होती. मी म्हणाले, “आई, ह्यात लोण्याचं लिहिलंय.”

टिपण असं होतं. पूर्वी त्या देशात अशी एक खुळी समजूत होती की, चेटकिणी फुलपाखराचं रूप घेऊन घरात शिरतात आणि उघडं ठेवलेलं लोणी, दूध चोरतात. त्यावरून हा शब्द आला असं काही जण म्हणतात, परंतु त्यास आधार नाही.

मी मधलं वाचलं. चेटकिणी फुलपाखराचं रूप घेऊन घरात शिरतात आणि उघडं ठेवलेलं लोणी, दूध चोरतात. एवढंच.

मला आधीचे शब्द दिसले होते. खुळी समजूत म्हणजे काय हे मला चांगलं कळत होतं, आमच्या सातवीच्या पुस्तकात तसा धडाच होता. शेवटचेही दिसले होते. पण मधलं वाचताना आईनं मान वर केली होती. आई माझ्याकडे आजवर कधी पाहिलं नव्हतं असं पाहत होती. बाकीचं वाचलं असतं तर तिनं मान पुन्हा खाली घातली असती.

“परत वाच,” आई म्हणाली.

मी परत तेवढंच वाचलं.

दारात काकीनं घागर खाली ठेवली. पाणी हिंदकळून उंबऱ्यावर सांडलं. आई तिच्याकडे न बघता मला म्हणाली, “म्हंजे इंग्रजी पुस्तकात बी हाय तर.” त्यापुढं घरात कुणी आवाज चढवला नाही, भांडण झालं नाही. शनिवारी काका आले, आई त्यांच्याशी परसात बराच वेळ बोलली. काका पुस्तक बघायला आले. मी त्यांना बोटानं ओळ दाखवली, तीच. त्यांना वाचता येत होतं, पण त्यांनी बोट होतं तेवढंच वाचलं. दिवाळीला काकीचा भाऊ मुराळी म्हणून आला आणि तिला माहेरी घेऊन गेला. रीतीप्रमाणे तुळशीच्या लग्नानंतर तिला आणायला आमच्याकडून कुणीतरी जायचं होतं. कुणी गेलंच नाही. तिच्या भावानं दोनदा निरोप धाडला. पुढच्या उन्हाळ्यात काकांनी दुसरं लग्न केलं.

लोणी त्यानंतरही आलं नाही. म्हैस आटली. मग व्याली, आणि पहिल्याच घुसळणीला हा एवढा गोळा आला, तेव्हा आई सगळ्यांकडे बघून म्हणाली, “बगा.” कितीतरी वर्षांनी, शाळेत पालक म्हणून आलेल्या एका गुरांच्या डॉक्टरांना मी सहज विचारल्यासारखं विचारलं. ते हसून म्हणाले, म्हैस आटत आली की साय चिवट होते, त्यात ऑक्टोबरचं ऊन, लोणी जमत नाही, त्यात काय विशेष? मी म्हणाले, काही विशेष नाही.

आणि माझं काय झालं? माझी घरात किंमत वाढली. पोरगी इंग्रजी वाचते, असं आई विहिरीवर सांगायला लागली. मला तालुक्याला शिकायला ठेवायचं असं वडिलांनी ठरवलं ते त्याच हिवाळ्यात. मी आज जी नोकरी करते, ज्या घरात राहते, त्याच्या मुळाशी ती अर्धी ओळ आहे. माणसं आपल्या यशाचं श्रेय गुरुजनांना देतात. मला निरोप समारंभात कुणी बोलायला सांगितलं तर मी काय सांगू?

नंतर मी या शब्दाच्या मागेच लागले. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तो बुट्टरफ्लेओगे असा काहीसा होता. जर्मन लोकांच्या एका जुन्या बोलीत फुलपाखराला दूधचोर म्हणत. त्यांच्या नेहमीच्या शब्दातही म्हणे साय लपलेली आहे. कुणी म्हणतं, लोण्यासारख्या रंगामुळे हे नाव, कुणी म्हणतं, लोणी करायच्या दिवसांत ती दिसतात म्हणून. नक्की कुणालाच माहीत नाही. मी रात्रंदिवस कोश चाळायची आणि प्रत्येक ठिकाणी मला तीच सावध भाषा भेटायची: बहुधा, कदाचित, असं म्हणतात. सगळ्या जगातल्या विद्वानांनी तो शब्द सांभाळून हाताळला होता. तिकडच्या बायकांची ती भीती कधीच विरून गेली, शब्द तेवढा मागे राहिला आणि पोरं तो आता पाठ करतात. ती भीती आमच्या घरी पुन्हा जिवंत करायला मी पुरेशी होते.

आई दोन वर्षांपूर्वी गेली. शेवटचे महिने माझ्याकडेच होती. तेही हेच दिवस होते. एकदा खिडकीतून एक पिवळं फुलपाखरू आत आलं, पंख्याला घाबरून भिंतीवर बसलं. आई खाटेवरून हात हलवत म्हणाली, “झाक, झाक ते आधी.” खोलीत झाकण्यासारखं काहीच नव्हतं, औषधाची बाटली आणि पाण्याचा तांब्या. मी तांब्यावर पेला पालथा घातला. तेव्हा ती शांत झाली. मी तिला तेव्हा तरी सांगायला हवं होतं. पण तिच्या अंगात काही राहिलं नव्हतं, आणि मला वाटलं, मरणाऱ्या माणसावर हे कशाला लादायचं? खरं तर तेव्हाही मी भ्यालेच.

यंदा त्या मुलीनं विचारलं आणि त्या रविवारी मी एसटीत बसले. कोश पिशवीत घेतला. काकीच्या भाच्याचा नंबर नात्यातून मिळाला होता. गाव गाठेपर्यंत पाट्यांवरची अक्षरं मराठीची कानडी झाली. तुरीच्या शेतांवरून पिवळी पाखरं बसच्या काचांवर येऊन आपटत होती आणि मी समोरच्या सीटच्या दांड्याकडे बघत बसले होते.

काकीनं मला लगेच ओळखलं. साठी ओलांडलेली, वाळलेली, केस पांढरे. सोप्यात बसून सुपात तूर निवडत होती. भाऊ-भावजयीच्या संसारात तिची सगळी हयात गेली होती. भाच्याची बायको चहा ठेवून आत गेली.

“तुजी आई गेली म्हनं,” काकी म्हणाली.

“हो. दोन वर्षं झाली. काकाही गेले.”

“कळलं व्हतं.” ती तूर निवडत राहिली. “तू मास्तरीन झालीस म्हनं. बरं केलंस.”

मी पिशवीतून कोश काढला. तिचे हात सुपात थांबले. मी म्हणाले, “काकी, मी तुम्हाला हे वाचून दाखवायला आले. तेव्हा मी सगळं वाचलं नव्हतं.” आणि मी वाचलं. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, सावकाश, शाळेत वाचते तसं. अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

काकीनं सुपातली तूर एकदा पाखडली. मग म्हणाली, “म्हंजे पुस्तकच म्हनत व्हतं की हे समदं खुळं हाय म्हून.”

“हो.”

“आन तुला ते तवा दिसलं व्हतं?”

खोटं बोलायला अजूनही जागा होती. लहान होते, कळलं नाही, असं म्हणता आलं असतं. “दिसलं होतं,” मी म्हणाले.

“एवढंच ऱ्हायलं व्हतं की गं.” तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. आवाजात राग नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. “तेवढं वाचाया दम लागला व्हता का तुला?”

माझं चुकलं, काकी, एवढं कसंबसं म्हटलं आणि मला रडू फुटलं. तिनं मला जवळ घेतलं नाही, दूरही लोटलं नाही. सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. “आता कुनाला सांगायचं हे? माजा भाऊ असता तर त्याला तरी सांगितलं असतं. त्यो लई झुरला माज्यापायी.”

तेवढ्यात आत तान्हं लेकरू रडायला लागलं. भाच्याची बायको त्याला घेऊन सोप्यात आली, भिंतीला टेकून बसली आणि पदराखाली घेतलं. काकीनं सूप खाली ठेवलं. गुडघ्यावर हात देऊन उठली आणि बाहेर उन्हात गेली.

“कुठं चालल्या त्या?” मी विचारलं.

“त्येंचं कायमचंच हाय ते,” ती पोरगी लेकराला थोपटत म्हणाली. “लेकराला पाजाया घेतलं की आत्याबाई उठून जात्यात. माझ्या थोरलीच्या येळंला बी तसंच. सासूबाई सांगत्यात, त्यांच्या येळंला बी तसंच व्हतं म्हून. म्हैस पिळताना गोठ्यात पाय ठिवत न्हाईत, दुदाच्या भांड्याला हात लावत न्हाईत. का म्हून इचारलं तर बोलत न्हाईत काय.”

मला वाटत होतं, तिला घरातून काढलं एवढाच माझा गुन्हा. तिनं ते खरं मानलं असेल, बेचाळीस वर्षं स्वतःला दुधापासून, लेकरांपासून लांब धरलं असेल, हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं. मी उठून दारात गेले. काकी कुडाच्या कडेला, डोक्यावर पदर घेऊन, घराकडे पाठ करून उभी होती.

“काकी,” मी म्हणाले, “ऊन आहे. आत या ना. आता तर वाचलं ना सगळं.”

तिनं वळून पाहिलं नाही. तिथूनच विचारलं, “झालं का लेकराचं पिऊन?”